सुलभाबाई राइस बेला पाखडायला जात

मिनेसोटाच्या उत्तरेला, जिथे मराठी माणूस सहसा रस्ता चुकल्याशिवाय पोचत नाही, तिथे सुलभाबाई वीस वर्षं राहत होत्या. नवरा गुरुनाथ तळ्याकाठच्या दवाखान्यात फार्मासिस्ट. मुलगी नेत्रा टेक्सासात, प्लेनोला, मोठ्या घरात. दर रविवारी तिचा फोन येई आणि दर रविवारी ती एकच विषय काढी. "आई, जस्ट सेल द हाऊस. इकडे मूव्ह व्हा दोघं. तिथे आहे काय?" सुलभाबाई म्हणत, "बघू." नेत्राला वाटे, आई हट्टी आहे. ते खरंच होतं, पण हट्टाला कारण होतं, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

तळ्याला हेरन लेक म्हणत. म्हणायला तळं, पण एका काठावरून दुसरा दिसायचा नाही. त्याच्या दोन काठांवर ओजिब्वे या तिथल्या मूळ आदिवासी लोकांची दोन गावं होती, पूर्वेला ईस्ट पॉइंट आणि पश्चिमेला राइस बे. माणसं एकाच रक्ताची, आडनावंसुद्धा तीच. शंभर वर्षांमागे सरकारनं त्यांची सामाईक जमीन माणशी तुकडे पाडून वाटली. पूर्वेचा काठ वाळूचा आणि देखणा, म्हणून तिथले तुकडे भराभर गेले, आधी लाकूडवाल्यांकडे आणि मग बाहेरून आलेल्या हौशी लोकांकडे. पश्चिमेला दलदल होती. ती कुणालाच नको होती, म्हणून ज्यांची होती त्यांच्याकडे राहिली.

आता ईस्ट पॉइंटच्या काठावर ओळीनं केबिनी होत्या, रिसॉर्ट होतं, कसिनो होता. गावातले मूळचे लोक हायवेच्या पलीकडे राहत आणि पाणी बघायचं तर कामावर जाऊन बघत. पण काम होतं. नवी शाळा होती, डायलिसिस सेंटर होतं. राइस बेला चाळीस घरं, त्यातली निम्मी पत्र्याची ट्रेलर घरं. एकुलतं दुकान २००३ साली बंद पडलं. डायलिसिसला तिथल्या बायकांना व्हॅननं ईस्ट पॉइंटलाच यावं लागे. तेव्हा कोणतं गाव सुखी, हे उन्हाळ्यात चार दिवस येऊन ठरवणाऱ्यांनी खुशाल ठरवावं. एक गोष्ट मात्र ठरवायची गरज नव्हती. तळ्यात उगवणारा रानतांदूळ पूर्वेकडून संपला होता. केबिनवाल्यांनी पोहायला जागा हवी म्हणून ते 'गवत' उपटलं, उरलेलं मोटरबोटींच्या लाटांनी नेलं. राइस बेच्या उथळ पाण्यात तो अजून डोक्याइतका उंच उभा असे.

सुलभाबाईंची आणि त्या तांदळाची गाठ पडली २००१ च्या सप्टेंबरात. राइस बेची बर्निस नावाची बाई साखरेची औषधं न्यायला गुरुनाथकडे येई. तिनं एकदा पिशवीभर तांदूळ त्याला भेट दिला. काळपट, लांबट दाणे, धुराचा वास आणि मधेमधे फोलपटं. सुलभाबाई आजऱ्याच्या, घनसाळ तांदूळ पिकवणाऱ्या घरातल्या. फोलपट असलेला तांदूळ शिजवणं म्हणजे त्यांच्या लेखी घराण्याला बट्टा. त्यांनी साड्यांत गुंडाळून आणलेलं माहेरचं सूप काढलं, मागच्या अंगणात वाऱ्याचा अंदाज घेतला आणि तांदूळ पाखडला. दुसऱ्या दिवशी त्यातलाच थोडा भात डब्यातून बर्निसला गेला.

आठ दिवसांनी बर्निस दवाखान्यात आली ती औषधाचं विचारायच्या आधी म्हणाली, "हे साफ कुणी केलं?"

तेव्हापासून दर सप्टेंबरला फोन येई. बर्निस फार बोलणारी नव्हती. "उद्या वारा आहे," एवढंच म्हणे आणि ठेवून देई. सुलभाबाई सूप गाडीत टाकून बत्तीस मैल ड्राइव्ह करत राइस बेच्या धक्क्यावर जात. होडीतून दोन जणं तांदूळ काढून आणत, एक बांबूसारख्या लांब काठीनं होडी रेटणारा, दुसरा दोन हलक्या दांड्यांनी कणसं होडीत वाकवून झोडपणारा. मग तो वाळवायचा, मोठ्या कढईत भाजायचा, तुडवायचा. शेवटी बायका गोल बसून पाखडायच्या. बाकीच्यांच्या हातात बर्च झाडाच्या सालीची परडी, सुलभाबाईंच्या हातात आजऱ्याचं सूप. पहिल्या वर्षी सगळ्या त्या सुपाला हसल्या. दुसऱ्या वर्षी एकीनं मागून बघितलं. तिसऱ्या वर्षी उशिरा पोचल्यावर त्यांना दिसलं, की गोलात त्यांच्यापुरती जागा रिकामी ठेवलेली होती.

त्या दिवशी त्या खूष झाल्या, आणि इतक्या खूष झालेल्या त्यांना गुरुनाथनं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. अमेरिकेत त्यांच्या हातांना कामं पुष्कळ होती, किंमत मात्र त्या एका गोलातच होती.

पण आनंद पोटात मावेना, हे त्यांचं दुखणं. २००५ साली त्यांनी मिनियापोलिसच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात लेख लिहिला आणि खाली हातानं काढलेला नकाशा दिला, धक्क्यापर्यंतच्या वळणासकट. लेख सगळ्यांना आवडला. नकाशा त्याहून जास्त आवडला.

पुढच्या वर्षी मंडळाच्या सेक्रेटरीचा, कांचनचा, फोन आला. "काकू, या वर्षी सात दिवसांचा गणपती आहे. विसर्जन बरोबर लेबर डेच्या वीकेंडला येतंय. शहरात पार्कवाले परमिशनला किती त्रास देतात, यार! तुमच्या तळ्यावर अरेंज होईल का?"

'तुमच्या तळ्यावर' हे शब्द सुलभाबाईंना गोड लागले. त्यांनी ईस्ट पॉइंटला बर्निसची धाकटी बहीण अर्लीन हिला विचारलं. ती रिसॉर्टचं भेटवस्तूंचं दुकान चालवी. अर्लीन म्हणाली, "मोठी सपाट बोट भाड्यानं मिळेल. देव मातीचा असला तर काही हरकत नाही." देव शाडूचाच होता. इथपर्यंत सगळं रीतसर झालं.

शनिवारी सहा गाड्या आल्या. उन्हाळी सुट्टीचा शेवटचा वीकेंड, म्हणून ईस्ट पॉइंटला त्या दिवशी तोबा गर्दी होती. पाण्यात स्कूटरी घोंघावत होत्या, किनाऱ्यावर बिअरचे कॅन लोळत होते आणि कुणीतरी गाणी फुल आवाजात लावली होती. नऊवारीतली कांचन गणपतीशेजारी उभी राहून रडवेली झाली. "काकू, इथे आरती कशी करायची? तुमच्या लेखातली ती शांत जागा बोटीनं किती लांब आहे?"

जागा चार मैलांवर होती. आणि सुलभाबाईंना एक नियम पक्का माहीत होता. तांदूळ पिकत आला की राइस बेची जाणती मंडळी रोज जाऊन बघतात, आणि त्यांच्या कमिटीनं तळं उघडल्याचं सांगेपर्यंत त्या तांदळात कुणीही शिरत नाही, त्यांच्यातलाही नाही. पहिला तांदूळ निघाला की तंबाखू वाहतात, सगळ्यांना जेवण घालतात, मगच पुढचं. आजऱ्याला नवं केल्याशिवाय नवा भात तोंडात घालत नाहीत. त्यामुळे हा नियम सुलभाबाईंना समजावून सांगावाच लागला नव्हता.

बर्निसला विचारता आलं असतं. शनिवार म्हणजे तिचा डायलिसिसचा दिवस, ती अर्ध्या मैलावर खुर्चीत बसलेली होती. सुलभाबाईंनी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि सहा गाड्या माणसांसमोर ते त्यांना नको होतं. त्या म्हणाल्या, "चला. माझी ओळख आहे तिथे."

बोट श्रीराम नावाचा नागपूरचा मुलगा चालवत होता, सॉफ्टवेअरवाला. राइस बेच्या तोंडाशी आल्यावर तो म्हणाला, "काकू, समोर नुसतं गवत दिसून राहिलं."

"मधे वाट आहे. सरळ घे," सुलभाबाई म्हणाल्या.

वाट होती. ती होडीपुरती होती, आणि ही बोट आठ फूट रुंद. दोन्हीकडची ताटं वाकली, बोटीखाली गेली, आणि वरून दाण्यांचा सडा सगळ्यांच्या डोक्यांवर पडला. "अक्षता पडतायत!" कुणीतरी ओरडलं. पोरांनी ओंजळी धरल्या, टाळ्या झाल्या, 'मोरया'चा गजर झाला. पत्र्याच्या तळावर दाणे टपटप वाजत होते. तो आवाज फक्त सुलभाबाईंना कळत होता. दाणा पुरता पिकल्याशिवाय असा वाजत नाही. पण आरती सुरू झाली होती आणि त्यांच्या हातात निरांजन दिलेलं होतं.

परत निघताना ताटं इंजिनात अडकली. श्रीरामनं तीनदा बोट मागे घेतली, तीनदा पुढे काढली. बाहेर पडून वळून पाहिलं तर उभ्या तांदळात बैलगाडी जाईल एवढा पट्टा आडवा झाला होता.

धक्क्यावर कमिटीतली दोन माणसं उभी होती. पाणी प्यायला म्हणून बोट तिथे टेकवली, तेव्हा त्यातल्या एकानं सुलभाबाईंना एवढंच विचारलं, "बर्निसला माहीत आहे?"

"नाही," त्या म्हणाल्या.

त्यानं मान हलवली आणि पोरांना पाण्याची बादली दाखवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तीन दिवसांनी तळं उघडल्याचं गुरुनाथला दवाखान्यात कळलं. घरी फोन वाजला नाही. त्या आठवड्यात वारा रोज होता आणि सुलभाबाई स्वयंपाकघरातून हलल्या नाहीत. शेवटी गुरुनाथ म्हणाला, "अगं, जाऊन माफी माग की." त्या रव्याचे लाडू घेऊन गेल्या, जे काय झालं ते आडपडदा न ठेवता सांगितलं, चुकले म्हणाल्या. बर्निसनं दारात उभं राहून सगळं ऐकलं, डबा घेतला, आभार मानले, गुरुनाथची चौकशी केली. आत ये म्हणाली नाही. पाच वर्षांत असं कधी झालं नव्हतं. परतताना सुलभाबाईंनी गाडी रस्त्याकडेला घेतली आणि मनसोक्त रडून घेतलं.

गुरुनाथकडून सगळं कळलं, तेव्हा नेत्रानं रविवारी विचारलं, "मग आता काय आहे तिथे?" पहिल्यांदाच 'बघू' म्हणताना त्यांचा आवाज पोकळ लागला.

२००७ च्या उन्हाळ्यात अर्लीनचा निरोप आला. रिसॉर्टच्या पार्किंग लॉटमध्ये तंबू उभारून ती पाहुण्यांना तांदळाचं काम दाखवणार होती. भाजायला एक, तुडवायला एक, पाखडायला एक. "तुझ्याइतकं छान कुणी पाखडत नाही. येशील?" सुलभाबाई लगेच गेल्या. हाताला सूप हवं होतं, कुठलं का असेना. पाहुणे फोटो काढत, वाहवा करत. राइस बेची व्हॅन आठवड्यातून तीनदा समोरून जाई आणि खिडकीशी बर्निस बसलेली दिसे. तिनं कधी हात केला नाही आणि तोंडही फिरवलं नाही.

पंधराव्या दिवशी सूप तंबूतच विसरलं म्हणून त्या परत आल्या, तर अर्लीन साफ तांदळाच्या घमेल्यात फोलपटं कालवत होती.

"हे काय?"

"मग उद्या काय पाखडशील?" अर्लीन शांतपणे म्हणाली. तिला लाज वाटत नव्हती आणि वाटायचं कारणही नव्हतं. "बर्निसकडे तळं आहे. माझ्याकडे पार्किंग लॉट आहे. यावर मी गावातल्या चार मुली कामाला लावल्यात. त्या शहरात गेल्या असत्या."

ते खरं होतं. शब्द दिला होता म्हणून लेबर डेपर्यंत सुलभाबाई रोज गेल्या, तेच दाणे पुन्हा पाखडले, आणि शेवटच्या दिवशी अर्लीनचे आभार मानून घरी आल्या. सूप पुसून भिंतीला टांगलं. आता घर विकायला काढायचं, असं त्यांनी त्या आठवड्यात गुरुनाथला सांगितलंही.

पुढच्या मंगळवारी दुपारी राइस बेची व्हॅन त्यांच्या दारात थांबली. ड्रायव्हरनं दोन पोती उतरवून गॅरेजपुढे ठेवली. बर्निस आतच बसून होती, दंडाला डायलिसिसची पट्टी. सुलभाबाई धावत खिडकीशी गेल्या.

"भाजून तुडवलेला आहे," बर्निस म्हणाली. "माझे खांदे गेले. पोरींना घाई असते, दाणे सांडतात. तू सांडत नाहीस."

सुलभाबाईंचे डोळे भरून आले. "मी उद्या तिकडेच येते ना. सगळ्यांबरोबर बसून..."

"नाही." बर्निसचा आवाज चढला नाही. "तांदूळ तुझ्याकडे येईल. तू तांदळाकडे यायचं नाही."

"किती वर्षं?"

"कमिटीनं वर्षं सांगितली नाहीत." तिनं ड्रायव्हरला खूण केली. "शनिवारी येते न्यायला."

व्हॅन गेली. सुलभाबाईंनी सूप काढलं, गॅरेजपुढच्या सिमेंटवर एकट्याच बसल्या. वारा होता, पण घरं आडवी आल्यामुळे तुटक येत होता, त्याची वाट बघत पाखडावं लागत होतं. रविवार नसताना नेत्राचा फोन आला. गुरुनाथनं घर विकायचं तिला कळवलं होतं. "आई, डॅड सेज यू आर रेडी. मी रिअल्टरशी बोलू?"

"नको. पोती आलीयेत," त्या म्हणाल्या.

"कसली पोती?"

"शनिवारी परत द्यायचीत. मग बोलते."

फोन ठेवून घाईनं सूप उचलताना कडेवरून सात-आठ दाणे सांडले. त्यांनी ते एकेक करून सिमेंटवरून वेचले आणि पोत्यात टाकले.