आत्याचा होकार

माझी आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. उभा जन्म दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेला आणि निवृत्त झाल्यावर तिलाच ऐकू येईनासं झालं. ती दैवाला बोल लावणाऱ्यांतली नव्हती. तिला एकच आवाज हवा होता, धाकट्या बहिणीचा. धाकटी लांबच्या शहरात. दर रविवारी तिचा फोन यायचा. आत्या रिसीव्हर कानाशी घट्ट दाबून "हो गं, हो हो" म्हणत राहायची आणि फोन ठेवला की मला विचारायची, "काय म्हणत असेल रे ती?" मला काय कप्पाळ ठाऊक असणार.

म्हणून श्रवणयंत्र घेतलं, चांगलं महागातलं. ते कानात घातलं की शिट्टी वाजायची आणि बोलणं राहायचं बाजूला. दुकानदाराने बसल्या जागी थोडी खटपट केली, "आता ठीक ना?" म्हणून विचारलं आणि आत्याने मान हलवली. बहिऱ्या माणसाची ही सवयच. सारखं "काय?" विचारायची लाज वाटते, मग माणूस हसून हो म्हणतो. त्या होकारावर दुकानदाराने लगेच सही घेतली. यंत्र बदलून मागायला गेलो तर म्हणाला, "यंत्र उत्तम आहे. कानच कामातून गेलाय, त्याला मी काय करू?" चोराच्या उलट्या बोंबा.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं मी आत्याला कागदावर लिहून दाखवलं. "मी कधी शहाणी होते?" ती म्हणाली आणि ग्राहक आयोगात स्वतःच तक्रार दाखल करून आली. तिथे वकील लागत नाही. वेळ मात्र लागतो. दुकानाचा वकील तारखांवर तारखा मागत राहिला आणि तेवढ्यात धाकटीला पक्षाघाताचा झटका आला. जीव राहिला, बोलणं गेलं. तिच्या मुलाने फोनवर सांगितलं ते मी आत्याला लिहून दिलं. तिने कागद पालथा घातला आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

शेवटी सुनावणी झाली. वकील म्हणाला, "बाईंनी स्वतः होकार दिलाय, सही आहे." अध्यक्षबाईंनी आत्याला ते यंत्र घालायला लावलं, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे फाइल धरली आणि विचारलं, "यंत्र नीट चालतंय का, आजी?"

आत्याने गोड हसून मान हलवली. वकील खूश. फाइल तशीच धरून बाईंनी पुन्हा विचारलं, "म्हणजे तुम्ही खोटी तक्रार केलीत?"

आत्याने तितक्याच गोडीने मान हलवली. वकिलाचं तोंड बघण्यासारखं झालं, पण मला हसू येईना. दर रविवारी फोनला चिकटून बसलेली आत्या मला आठवत होती.

निकाल आमच्या बाजूने लागला. दुकानदाराला यंत्र बदलून द्यावं लागलं, वर तक्रारीचा खर्चही. नवं यंत्र घालून आत्याने मला फोन लावायला सांगितला. धाकटीच्या मुलाने रिसीव्हर आईच्या तोंडाशी धरला. आत्या बराच वेळ नुसती ऐकत बसली.

"काय ऐकू येतंय?" मी विचारलं.

"श्वास," ती म्हणाली. "अगदी स्पष्ट." मग फोनमध्ये हळूच म्हणाली, "धाकटे, तू एवढं बोलायचीस आणि मी नुसती हो म्हणत गेले गं. परत एकदा सांग ना काहीतरी."

पलीकडून श्वास येत राहिला. या वेळी आत्या हो म्हणाली नाही.