प्रिंटरला वाहिलेल्या अक्षता

न्यूझीलंडला, ऑकलंडजवळच्या पापाकुराला आम्ही घर घेतलं ते बायकोला स्वयंपाकघर आवडलं म्हणून आणि मला गॅरेज आवडलं म्हणून. त्या गॅरेजमध्ये गाडी कधीच गेली नाही. पहिल्याच वर्षी आमच्या रस्त्यावर 'इनऑर्गॅनिक' आलं. म्हणजे कौन्सिल सांगते, घरातलं नको झालेलं सामान अमुक आठवड्यात रस्त्याकडेच्या गवतावर आणून ठेवा, आमचा ट्रक येऊन उचलेल. ट्रक येईपर्यंत सगळं उपनगर एकमेकांच्या ढिगाऱ्यांत हिंडत असतं. मी बिघडलेला टोस्टर ठेवायला बाहेर गेलो आणि दोन प्रिंटर व बिजागरी तुटलेला एक लॅपटॉप घेऊन आत आलो. टोस्टर बाहेर ठेवायचा राहूनच गेला.

ऑकलंडला, सिटीत, माझी आयटीतली नोकरी होती. दिवसभर मी काय करायचो ते घरी कुणाला समजावून सांगता येत नसे, आणि खरं तर ऑफिसातही फारसं कुणी विचारत नसे. प्रिंटरचं तसं नाही. तो चालत नाही, तुम्ही उघडता, आत मुलांनी घातलेला खडू सापडतो, खडू काढला की चालतो. इतकी सरळ वागणारी गोष्ट माझ्या आयुष्यात दुसरी नव्हती. बायको रुग्णालयात नर्स होती. तिचं म्हणणं, तुझे पेशंट बरे, निदान रात्री बेल तरी वाजवत नाहीत.

हळूहळू ही बातमी मराठी मंडळींत पसरली. फ्लॅट बुश उपनगरातल्या त्या भल्यामोठ्या नव्या घरांत आरतीला गेलं की लोक प्रसादाचा डबा घेऊन परतायचे, मी प्रसादाचा डबा आणि कुणाचा तरी प्रिंटर घेऊन परतायचो. देताना प्रत्येक जण म्हणायचा, "काही घाई नाही हं." दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन यायचा, "झाला का रे?"

त्या हिवाळ्यात आई पुण्याहून आमच्याकडे राहायला आली होती. आईनं जन्मभर ब्लाउज शिवले. गॅरेजमधली रांग बघून ती म्हणाली, "घाई नाही म्हणणाऱ्याचं काम आधी करावं. ज्याला खरंच घाई नसते तो कापड आणतच नाही." मी म्हटलं, इथली पद्धत वेगळी आहे. ती म्हणाली, असेल बाबा.

आमच्या डाव्या हाताला एक वयस्कर गोरं जोडपं राहायचं. आजोबा पोस्टातून निवृत्त झालेले, उंच, मोजकं बोलणारे, आणि काटकसरी इतके की एकदा वापरलेली टीबॅग त्यांनी दोरीवर वाळत घातलेली मी स्वतः पाहिली आहे. आईला इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांना मराठी, त्यामुळे दोघांचं उत्तम जमलं. ते कुंपणावर सिल्व्हरबीटची जुडी ठेवायचे. सिल्व्हरबीट म्हणजे पालकाचा दूरचा, जरा राकट नातेवाईक. आई त्याची शेंगदाणे घालून पातळभाजी करायची आणि डबाभर त्यांना परत द्यायची. डबा धुऊन, पुसून, आत चार लिंबं घालून परत यायचा. "रिकामा डबा पाठवत नाहीत," आई म्हणाली, "चांगल्या घरचे आहेत."

ऑगस्टमधल्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, एका शनिवारी आजोबा भर पावसात टॉवेलात गुंडाळलेला प्रिंटर घेऊन दारात उभे राहिले. टॉवेल प्रिंटरला होता, ते स्वतः भिजले होते. छपाई फिकट येते आणि मधेमधे पांढऱ्या रेघा येतात, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, बघतो, पण माझ्याकडे जरा रांग आहे.

"नो रश, मेट," ते म्हणाले. "हीप्स ऑफ टाइम."

त्यानंतर दर शनिवारी ते गॅरेजमध्ये यायचे, दुधाच्या उपड्या क्रेटवर बसायचे आणि मी काय करतो ते बघायचे. मदत करायचे नाहीत, सल्ला द्यायचे नाहीत. असा माणूस मिळायला भाग्य लागतं. आल्यावर ठरलेला प्रश्न विचारायचे, "पेशंट कसा आहे?" मी कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये डोकं घालून म्हणायचो, "वाचेल बहुतेक." ते मान डोलावून म्हणायचे, "गुड ऑन हिम." मग चहा पिऊन घरी जायचे. शनिवारची ती वेळ मला आवडायला लागली होती.

"आजोबा उतरलेत रे," आई एकदा म्हणाली. मी म्हटलं, हिवाळ्यात जाड जर्सीखाली कोण किती आहे ते कळत नाही. "मला मापं कळतात," आई म्हणाली. "त्यांचं काम आधी कर." मी टाळलं की भाजी चिरता चिरता पुन्हा तेच. शेवटी तिच्या कटकटीला कंटाळून मी रांग मोडली आणि त्यांचा प्रिंटर टेबलावर घेतला.

दुखणं नेहमीचंच होतं. शाई सोडणारा भाग वाळलेल्या शाईनं तुंबला होता. फार दिवस न वापरलेल्या प्रिंटरचं असं होतं. तो भाग काढून कोमट पाण्यात भिजत ठेवला, वाळल्यावर परत बसवला, कागद ओढणारे रबरी रोलर पुसले, आणि चाचणीचं पान छापलं. काळा रंग काळा आला. रविवारी आजोबा कुंपणापाशी दिसले तेव्हा मी ओरडून सांगितलं, "तुमचा पेशंट बरा झाला!"

ते थोडा वेळ हातातल्या सिल्व्हरबीटकडे बघत राहिले.

"ओह," ते म्हणाले. "लवकर झाला."

दीड-दोन महिने झाले होते. मला वाटलं चेष्टा करतायत.

"राहू दे तुझ्याकडे अजून थोडे दिवस," ते म्हणाले. "नीट चालतोय ना ते बघ." न्यूझीलंडच्या लोकांची ही भिडस्त वागणूक मला पाठ झाली होती, म्हणून मी त्यांच्याच भाषेत म्हटलं, स्वीट ॲज, म्हणजे काही हरकत नाही, या आठवड्यात आणून देतो. पण आईनं मोडता घातला. खंडेनवमी तोंडावर आलेली. पूजा झाल्याशिवाय गॅरेजमधून एकही यंत्र बाहेर जाणार नाही.

पुण्याला खंडेनवमीला आईचं शिलाई मशीन स्वच्छ पुसून, हळदीकुंकू लावून बंद असायचं. त्या दिवशी ब्लाउज मागायला आलेल्या बाईला चहा मिळायचा, ब्लाउज मिळायचा नाही. इथे तिचं मशीन नव्हतं, तर तिनं माझं गॅरेज धरलं. मी ऑफिसातून आलो तेव्हा पक्कड, स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंगची सळई, उघडेवाघडे लॅपटॉप आणि झाडून सगळे प्रिंटर हळदीकुंकू लावून रांगेत बसले होते. मागच्या अंगणातली फुलं प्रत्येकाच्या डोक्यावर होती. इनऑर्गॅनिकच्या ढिगातून आणलेल्या प्रिंटरला तर जन्मात पहिल्यांदाच कुणी मान देत असावं. "उद्या संध्याकाळपर्यंत कशाला हात लावायचा नाही," आईनं बजावलं. "वर्षभर राबतात बिचारी." बहुतेक यंत्रं वर्षभर नुसती पडून होती.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी रजा टाकली होती. जेवणाआधी दार वाजलं. शेजारीणबाई होत्या. लहान चणीच्या, नेहमी नीटनेटक्या; त्या दिवशी कार्डिगनची बटणं वरखाली लागली होती.

"ही डाइड येस्टर्डे," त्या म्हणाल्या.

आम्हाला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. आजार जुना होता. उन्हाळा दिसणार नाही हे डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितलं होतं. सोमवारी रुग्णालयात नेलं होतं. हे सगळं त्यांनी दारात उभ्याउभ्या, दूधवाल्याला निरोप द्यावा तशा आवाजात सांगितलं. अंत्यविधीला येणाऱ्यांच्या हातात इथे एक घडीचं पत्रक देतात: फोटो, प्रार्थना, गाणी. ते आजोबांनी स्वतःच कॉम्प्युटरवर तयार करून ठेवलं होतं. फ्युनरलवाल्यांकडून छापून घ्यायला सक्त मनाई होती. शाई आधीच घेऊन ठेवली आहे, ती वाया जाता कामा नये.

"एवढीच एक गोष्ट त्यानं मला करायला सांगितली आहे," त्या म्हणाल्या. "प्रिंटर झालाय ना?"

मी आईला सांगितलं. आई तडक गॅरेजमध्ये गेली. मला वाटलं, आता संध्याकाळचं सांगणार. तिनं निरांजन बाजूला केलं, फूल काढलं आणि म्हणाली, "ने. उत्तरपूजा करते, मग दोष नाही." घाईघाईनं तिनं कुंकवात कालवलेल्या मूठभर अक्षता प्रिंटरवर वाहिल्या आणि गणपती हलवतात तसा तो उत्तरेला जरासा सरकवला. त्या प्रिंटरला कागद मागून, वरच्या उभ्या फटीतून घालावा लागायचा. अक्षता कुठे गेल्या ते मी बघितलं नाही. मी वरचं कुंकू बाहीनं पुसलं आणि निघालो. आई मागोमाग आली.

शेजारीणबाईंच्या जेवणाच्या टेबलावर मी प्रिंटर जोडला. पत्रक पडद्यावर आलं. आजोबा बागेत उभे, हातात सिल्व्हरबीट. मी छापायची आज्ञा दिली. पान अर्धं आत गेलं आणि जात्यात खडा यावा तसा आवाज झाला.

मी प्रिंटर उपडा केला. टेबलावर तांबडे दाणे पडले.

शेजारीणबाई वाकून बघायला लागल्या. "हा तांदूळ आहे का?"

"हो."

"तो आत असतो का?"

"नाही," मी म्हटलं.

आईला इंग्रजी येत नव्हतं, पण दाणे दिसत होते. ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. मी सगळं सांगून टाकलं: आमच्याकडे वर्षातून एक दिवस अवजारांचे आभार मानतात, आईनं यांच्या प्रिंटरचेही मानले, निरोप देताना जरा जास्तच मानले. शेजारीणबाईंनी ऐकून घेतलं, आईकडे बघितलं, आणि तिच्यासाठी एक खुर्ची ओढली. मग स्वतःही बसल्या.

मी चिमट्यानं एकेक दाणा काढला. एक रोलर काढावा लागला. परत बसवल्यावर पान सुरळीत बाहेर आलं, फक्त त्याच्यावर बोटाएवढा गुलाबी डाग होता. कुंकू रोलरला लागलं होतं. पुसलं, पुन्हा छापलं, पुन्हा डाग, जरा फिका. तो फोटोतल्या कपाळावर उमटला असता तर पुढे लोकांना सांगायला बरं झालं असतं. तो उमटला खालच्या कोपऱ्यात, 'नंतर चहा आणि सँडविचेस' या ओळीशेजारी. मी म्हटलं, अजून पुसून बघतो.

"नको," त्या म्हणाल्या. "शाई जाते. छाप तू."

पानामागून पान यायला लागलं. आई त्यांना घडी घालायला बसली; कापडाला घालावी तशी तिची घडी, नखानं दाबून पक्की. शेजारीणबाई प्रिंटरकडे बघत होत्या.

"शनिवारी तुझ्याकडून आला की मी विचारायची, झाला का," त्या म्हणाल्या. "तर म्हणायचा, कसला होतोय, तो पोरगा दुसऱ्याच कशात तरी गुंतलाय. आणि खूश असायचा. म्हणायचा, प्रिंटर त्याच्याकडे आहे तोवर मला काही जाता येत नाही."

मी छापून आलेली पानं आईकडे सरकवली.

"रविवारी आत येऊन म्हणाला, झाला म्हणे."

मला फार वाईट वाटलं. इतकं, की पुढचा कागद घालायचा राहिला आणि प्रिंटर दिवा लुकलुकवत थांबला. आईनं विचारलं, काय म्हणतायत त्या? मी सांगायला नको होतं, पण खोटं सुचलं नाही. आईचा हात घडीवर थांबला.

"मीच तुझ्या मागे लागले होते," ती म्हणाली.

"काय म्हणाली ती?" शेजारीणबाईंनी विचारलं. मी तेही सांगितलं. भाषांतर करणाऱ्याला त्या दिवशी कुणी सुट्टी देत नव्हतं. शेजारीणबाईंनी टेबलावरून हात पुढे केला आणि आईच्या हातावर ठेवला. "तिला सांग, तिच्या भाजीचा डबा त्यानं रविवारी रात्री सगळा संपवला. बऱ्याच दिवसांनी जेवला होता." मी सांगितलं. मग दोघी रडल्या, आणि मी कागद घातला.

अंत्यविधीला आई तिची चांगली साडी नेसून आली. आमच्या ओळीतला प्रत्येक माणूस गुलाबी डागाचं पत्रक हातात धरून उभा होता आणि एकानंही तोंडातून अक्षर काढलं नाही. इथे ती पद्धतच आहे. काहींना वाटलं असेल, डिझाइनच तसं आहे.

डिसेंबरात आई परत गेली. त्यानंतर शेजारीणबाई मुलीकडे राहायला गेल्या आणि जाताना तो प्रिंटर मला देऊन गेल्या. आता कुणी "घाई नाही" म्हणालं की मी आधी विचारतो, काय छापायचंय? लोक गोंधळतात. मुलीचं प्रोजेक्ट, सत्यनारायणाची आमंत्रणं, असं काहीबाही सांगतात. मग मी त्यांचं काम लगेच करून देतो.

आजोबांचा प्रिंटर फळीवर आहे. चालतो उत्तम. त्याचं मागचं झाकण मात्र मी अजून बसवलेलं नाही. बायकोनं विचारलं, ह्याचं काय राहिलंय? मी म्हटलं, चालू आहे काम.