पाचवं टोक

दुबईच्या खाडीकाठी त्या काळी सुतार पुष्कळ होते, पण पाच या आकड्याची इज्जत सांभाळणारा माणूस एकच, आमचे मिस्त्रीचाचा. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. रत्नागिरीहून मला लाँचमधून इकडे आणणारे तेच. "सहा बाजू मधमाशीलाही जमतात," म्हणायचे, "पाचाला माणूस लागतो." आमच्या खोलीत भेंडी उभी चिरायला बंदी. आडवीच चिरायची, आणि चकतीचे पाच कोपरे चाचांनी तपासल्याशिवाय ती तव्यावर जायची नाही. सफरचंद मिळालं की तेही आडवं कापून आतला तारा खोलीभर दाखवत फिरायचे. तोवर फोडी काळ्या. एकदा सहा धारांची भेंडी निघाली, तर "बेईमान!" म्हणून शेजाऱ्याच्या बकरीला घातली.

मी सातवीतून शाळा सोडलेला. तरी एका अरब शेठच्या दारावर पाच टोकांचा तारा कोरायचं काम चाचांनी भरवशानं मला दिलं. मलबारी सागाची एकच फळी. आमच्याकडे पेट्यांवर सहा पाकळ्यांचं फूल कोरतात, हाताला तीच सवय. वर्तुळ काढलं, कंपास तेवढाच उघडा ठेवून फिरवला, सहा खुणा झाल्या. चूक कळल्यावर एक पुसली, बाकीच्या नजरेनं सरकवल्या आणि पटाशी चालवली. पाचवं टोक असं आखडलं की तारा लंगडायला लागला. जुम्म्याला शेठ बघायला येणार होता. मला परतीची लाँचच दिसू लागली.

"चाचा, माझं खलास झालं."

"तुझं नाही बावा, सहाचं खलास झालं. रंधा आण."

फळी तासून साफ केल्यावर त्यांनी खजुराच्या पातीच्या पट्टीला साधी गाठ मारली, हलकेच ओढली, चपटी दाबली. नेमका पंचकोन! तो मधोमध ठेवून पाची बाजू वाढवल्या. त्या एकमेकींना भेटल्या तिथं तारा. टोकं जोडली की मोठा पंचकोन, त्याच्या बाजू वाढवल्या की आणखी मोठा तारा.

"शाळेत हे शिकवलं असतं तर मी पळालो नसतो."

"मग दारं कोणी केली असती?"

कोरलं मीच. शेठनं हातातल्या तसबीहच्या माळेनं टोकाटोकांतलं अंतर मोजलं, पाचही वेळा तेवढेच मणी. "किसने बनाया?"

"मेरे भतीजे ने," चाचा छाती काढून म्हणाले, "सातवी तक पढ़ा है!" जणू मी विलायतेहून आलो होतो.

चाचा पुढे गावी गेले ते गेलेच. ती गाठ माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे. वाळून ठिसूळ झाली, कोपरे पाचच. आणि घरी कोणी भेंडी उभी चिरली, की मी अजून दचकून दाराकडे बघतो.