शेजाऱ्यांची मेमरी चिप

बाळांनो, बोर्डीतले आपले शेजारी रेल्वेतून निवृत्त झाले आणि लगेच शास्त्रज्ञ झाले. चिकूच्या कलमांना आपोआप पाणी सोडणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड त्यांनी एका डब्यात बसवला. पण लाइट गेली की तो पाण्याच्या वेळा विसरायचा आणि कलमं सुकायची.

"आणखी एक कलम मेलं तर डबा भंगारात," त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी बजावलं.

मग शेजाऱ्यांनी वेळा लक्षात ठेवायला बोर्डाला बाहेरून मेमरी चिप जोडली. तारा चारच, पण प्रत्येक तारेवर मला स्वतंत्र व्याख्यान. त्यानंतर कलमं खरंच टवटवीत झाली.

काल पहाटे कुंपणापलीकडे स्वतः शास्त्रज्ञ झारीने पाणी घालत होते.

"टेस्टिंग चाललंय, ताई!"

मी वहिनींना सांगितलं.

"ठाऊक आहे. बोलू नका हं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच बागेत राबतायत."