जज आजींची ओळख

टोकियोत, हिगाशी-कसाई भागात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक अमेरिकन आजी राहायला आल्या. त्यांच्या मुलीचा नवरा जपानी. डॉक्टरांनी हात टेकल्यावर मुलीने त्यांना इकडे आणलं. मी घरून काम करायचे, इंग्रजी यायचं, म्हणून दुपारी त्यांच्याजवळ बसणं माझ्याकडे आलं. मला बोलायला फारसं सुचत नाही. त्यांना ते चालायचं.

त्यांच्या राज्याच्या विधानसभेवर निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय बाई. सुनावणी झाल्याशिवाय घरमालकाने भाडेकरूला बाहेर काढू नये, हा कायदा त्यांनी पुन्हा पुन्हा हरून शेवटी मंजूर करून घेतला. पुढे न्यायाधीश झाल्या, तिथेही पहिल्याच. पहिल्या सकाळी कोर्टाच्या शिपायाने त्यांना दारातच अडवलं होतं, "सफाईवाल्यांनी मागून यायचं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, जरा वेळाने मी न्यायाधीश म्हणून आत आले, तेव्हा त्यालाच ओरडावं लागलं, सगळे उभे राहा!" खोकला येईपर्यंत त्या हसल्या.

त्यांना एकच हवं होतं. आपण कोण होतो ते नातीला कळावं. नात नऊ वर्षांची, तिला फक्त जपानी यायचं. मुलगी म्हणायची, मोठी झाली की सांगेन. आजींकडे तेवढा वेळ नव्हता.

सप्टेंबरात वस्तीच्या सभागृहात ज्येष्ठांचा सत्कार होता. नात पुढच्याच रांगेत बसली होती. आजी इंग्रजीत बोलल्या. विधानसभा, तो कायदा, कोर्ट, सगळं सांगितलं. जपानीत सांगायला जावई उभे होते. ते कमरेत वाकून म्हणाले, "सासूबाई कोर्टात थोडंफार काम करायच्या. आपला वेळ घेतला, माफ करा."

जावयांच्या मनात वाईट काही नव्हतं. इथे आपल्या माणसाचं मोठेपण बाहेरच्यांसमोर सांगत नाहीत. माझे बाबाही माझ्याबद्दल म्हणतातच, "काही नाही हो, कॉम्प्युटरवर बसते."

आजी माझ्या कानाशी आल्या. "मी एवढं बोलले, याने एका वाक्यात उरकलं. काय सांगितलं, पोरी?"

"कोर्टात काम करायच्या, असं."

"कसलं काम?"

"ते नाही सांगितलं."

टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनी मान झुकवली. घरी आल्यावर म्हणाल्या, "तू सांग तिला."

मी माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं. नातीने वडिलांकडे पाहिलं. मी त्या घरात बाहेरचीच. माझ्यासमोरही त्यांनी संकोचून हात हलवला, "छे छे, एवढं काही नाही." नात पुन्हा गृहपाठाकडे वळली. आजींना जपानी येत नव्हतं, पण चेहरे वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्या उठून आत गेल्या.

थंडी सुरू झाली तेव्हा त्या हॉस्पिटलात होत्या, बहुतेक वेळ डोळे मिटलेले. मग कुठे मुलीने नातीला जुना फोटो दाखवला: काळा झगा घातलेल्या आजी उंच खुर्चीवर. दुसऱ्या दिवशी खाटेपाशी नातीने माझी बाही ओढली.

"विचार ना, तिथे बसल्यावर भीती वाटायची का?"

मी वाकून इंग्रजीत विचारलं. एरवी माझा आवाज इतका निघत नाही. आजींनी डोळे उघडले नाहीत. नात माझ्या तोंडाकडे बघत राहिली. काहीतरी छानसं उत्तर बनवून सांगणं सोपं होतं. पण आजींच्या वतीने आधीच पुरेसं बोलून झालं होतं.

"ऐकू गेलं नसेल," ती म्हणाली. "परत विचार."

मी परत विचारलं.