बायोडाटातली राइस मिल

बी.एस्सी. झाल्यावर वर्षभर मी एकच बायोडाटा सगळीकडे पाठवत होते. तो मैत्रिणीच्या बायोडाटावरून उतरवलेला. नाव, पत्ता आणि टक्के तेवढे माझे. मेहनती, प्रामाणिक, छंद वाचन. कुठूनच उत्तर येत नव्हतं.

लाखनीच्या एका गोदामात धान तपासायला सहायक हवा होता. अर्ज स्वतः नेऊन द्यायला मी अड्याळहून गेले आणि हायवेलगतच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला थांबले. दुकानाच्या मालकीणबाई पन्नाशीच्या. त्यांनी कागद वाचला आणि मला दिलाच नाही.

"हा तं कोनाचाही असू शकते. तू इतके दिवस काय करत होती?"

"काही नाही काकू. बाबाची तब्येत बिघडली, तं दोन हंगाम त्याईच्या जागी राइस मिलमध्ये जात होती. धानाचा नमुना काढायचा, ओलावा मोजायचा, कणी किती निघते थे लिहायचं."

"अन् हे काहून नाही लिहिलं?"

मिलमधून परतताना केसांतला कोंडा झटकूनच मी ओळखीच्यांसमोर जायची. नोकरीच्या कागदावर त्या कामाला जागा असेल, असं वाटलंच नव्हतं.

त्यांनी मला स्टुलावर बसवलं. झेरॉक्सवाली माणसं ताटकळली, तरी एकेक विचारत राहिल्या. ओलावा मोजायचं यंत्र कोणतं? कधी माल परत पाठवला काय? मेहनती, प्रामाणिक सगळं गेलं. मिलचं काम वर आलं.

मला चेव चढला. "दोन हंगामाचे दोन वर्षं करू काय?"

"जेवढं केलं तेवढंच लिही. विचारलं तं सांगता आलं पाहिजे."

मुलाखतीत साहेबांनी मिलची ओळ वाचली आणि धानाची पुडी पुढे सरकवली. "हे घ्यायचं का?"

मी दोन दाणे दाताखाली फोडले. "ओलं वाटते सर. पण मोजल्याशिवाय पक्कं नाही सांगणार."

त्यांनी यंत्र मागवलं आणि मलाच मोजायला लावलं. धान ओलंच निघालं. आठवड्यानं फोन आला, सोमवारपासून या.

पहिल्या सुट्टीला मी त्या दुकानात गेले. काकूंनी चष्मा वर करून पाहिलं. "कोनती पोरगी तू?"

त्यांना मी आठवत नव्हते. वाईट नाही वाटलं. उलट, अशा किती जणींना त्यांनी स्टुलावर बसवलं असेल, असा विचार करत मी त्याच स्टुलावर बसले. सगळं सांगितलं, तेव्हा त्या मनापासून हसल्या आणि समोरच्या टपरीवाल्याला दोन चहा सांगितले.