भुईची धार

धार काढायला बसण्याआधी साळूबाई चारी सडांची पहिली चिळकांडी गोठ्याच्या भुईवर सोडायची. "तुझं तुला आदी," असं पुटपुटायची आणि मगच गुडघ्यांत बादली धरायची. माहेरी आईनं लावलेली ही सवय तिनं आष्ट्याजवळच्या वस्तीवर आयुष्यभर पाळली. नवरा गेला, मुलगा वीरधवल पलटणीत गेला, दावणीच्या गाया बदलल्या. भुईचा वाटा चुकला नाही.

सून विजयमाला डेअरीच्या शिबिराला गेली आणि येताना एक काळी वाटी घेऊन आली.

"आवं आत्या, पयली धार हिच्यात घ्यायची. काळ्यावर दुधातल्या गाठी चटकन दिसत्यात. कास बिघडाय लागली की लगीच कळतं."

"भुईच्या तोंडचं काढून वाटीत बघत बसू व्हय?" साळूबाई हसली. "चांदी गाय माझ्या हाताखालची हाय. तिचं काय दुखलं तर मला आदी कळंल. तुझी वाटी ठिव, शिरा खायाला हुईल."

विजयमालाही हसली. वाटी फळीवर गेली.

श्रावणात एका सकाळी चांदीनं लाथ झाडली. कधी नव्हे ते. "माशा लय झाल्यात," म्हणत साळूबाईनं धार उरकली. दुसऱ्या दिवशी कासेचा मागचा डावा भाग दगडासारखा लागला. हात ठेवला तर चटका बसावा इतका गरम. विजयमालानं फळीवरची वाटी काढून धुतली आणि त्या सडाखाली धरली. पिवळट पाणी आलं, त्यात नासल्या दुधासारख्या गाठी. दोघी बघत राहिल्या. मग साळूबाईनं पायाखाली पाहिलं. रोजच्या धारेनं ओली झालेली माती. तिच्यात काहीच दिसत नव्हतं.

डॉक्टरांनी सुया दिल्या, सडात औषध सोडलं.

"आजी, गाठी बरेच दिवस पडत असणार. हा सड वाचेल असं वाटत नाही. पहिली धार आता गोठ्यात सांडू नका, रोग पसरतो. आणि धार काढली की पुढ्यात वैरण टाका, म्हणजे ती उभी राहील. तेव्हा सडांची तोंडं उघडी असतात. लगेच बसली तर घाण आत जाते."

चांदी वाचली, सड आटला. वासराला ते कळेना. ते त्याच सडाला ढुशा देत राही, आणि साळूबाई तोंड फिरवून घेई.

"तूच बस आता," ती सुनेला म्हणाली. पुन्हा कासेला तिनं हात लावला नाही. वाटी मात्र रोज उजेडाला नेऊन तिरकी करून बघायची. डोळ्यांना नीट दिसत नसे.

"काय हाय का गं?"

"न्हाई आत्या. साफ हाय."

मग ती वाटी घेऊन लांब उसाच्या बांधापर्यंत चालत जायची आणि तिथं ओतायची. "तुझं तुला," एवढंच म्हणायची. 'आदी' म्हणत नसे.

थंडीत तिनं अंथरूण धरलं. गोठा दिसावा म्हणून खाट ओसरीवर घेतली. एका पहाटे विजयमाला चहा घेऊन गेली तेव्हा साळूबाईचे हात गार पडले होते. आदल्या संध्याकाळी धार काढून विजयमाला बादली घेऊन समोरून जाताना म्हातारीनं मान उचलली होती.

"विजू, वैरण टाकलीस का गं? इतक्यात बसू दिऊ नगंस तिला."